राघूचा उष्टा पेरू

पडेगावच्या रोडला सीताफळं आली, की मला शेजारणीचा हेवा वाटाया लागतो. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटत असंल. मपल्या पोटात आधी खड्डा पडतो. दात गेले, केस गेले, हेवा काय जायना.

काल दळण घेऊन येताना बघितलं. दौलताबादकडल्या बाया लिंबाच्या झाडाखाली पाट्या मांडून बसल्या व्हत्या. एका पाटीत सीताफळं, दुसरीत पेरू. सीताफळ पिकाया आलं की त्याच्या डोळ्यांमधल्या रेघा पांढऱ्या पडत्यात, डोळे उघडल्यावाणी दिसतं. सगळ्या अंगाला डोळे, अन् सगळे आपल्याकडं बघत्यात. मी पिठाचा डबा काखंत धरून तिथंच उभी ऱ्हायले. बाई म्हणली, "घ्या मावशी, साखर हाय साखर." मला साखर आठवत नव्हती. मला दुष्काळ आठवत व्हता.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची पाळी आली, त्याच्या आदल्या सालच्या सीताफळाच्या दिवसांतलं हे. आमचं गाव बिडकीनच्या पल्याड. तिथं त्याच्या चार सालं आधीपासूनच इहिरीत बादली सोडली, की पाण्याच्या जागी दगडाचा आवाज यायचा. संदीप, मपला ल्योक, वाळूजला कंपनीत लागलेला. तो म्हणला, आई, आता इथं ऱ्हाऊन काय करती? मंग शहराच्या कडंला पडेगावला दोन खोल्यांत आलो. तव्हा इथं सगळी प्लॉटिंग. ज्वारीच्या रानात ज्वारी नव्हती, चुन्यानं रंगवलेले दगड उगवले व्हते. घरं वाढायली, पाणी मातुर नाय. दर दारापुढं निळा ड्रम. टँकर आला की बाया पाईप धरून पळायच्या, टँकर गेला की जिथं तिथं चिखल, अन् त्या चिखलावर चिमण्या तुटून पडायच्या.

रेल्वेच्या आदल्या साली गौरी तीन वर्षांची. संदीपची एकुलती एक लेक. दिसायला अशी, की बाया थांबून बघायच्या. पण ती कुणाकडं बघायची नाय. ड्रमाचं झाकण उलटं ठेवायची अन् गरागरा फिरवायची. झाकण थांबलं की परत. तोंडानं एकच सूर, भुंगा खोलीत अडकल्यावाणी. हाका मारून घसा सुकायचा, मान वळायची नाय. बहिरी म्हणावं तर टँकर तिकडं मिटमिट्याला असला तरी हिला आधी कळायचं, कानावर हात दाबून भिंतीला जाऊन बसायची. तिला बघून आम्ही ड्रम मोकळा करायला लागायचो. खाण्यात नुसतं पांढरं. दहीभात, दूधभात. वरणाचा पिवळा ठिपका दिसला की ताट लोटून द्यायची.

एक मातुर व्हतं. तिला काय लागलं, की ती मपलं मनगट धरायची. ओढत न्यायची अन् मपला हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. पाणी पायजे तर तांब्यावर, बाहेर जायचं तर कडीवर. मीराचा, म्हंजी तिच्या आईचा नाय. बापाचा नाय. मपलाच हात. मी मनात म्हणायची, बोलत नसंल, पण आजी कोण ते तिला ठाऊक हाय.

भिंतीपल्याड जोशीबाई. नवरा सरकारी हापिसातून रिटायर, ल्योक-सून दोघं नोकरीला. बाई मऊ, बोलणं स्वच्छ. त्यांची नात ईश्वरी, सगळे ईशू म्हणायचे. ईशू अन् गौरी एकाच पंधरवड्यात जन्मलेल्या. जोशीबाईनं अन् मी बाळंतविडे बी संगंच धाडलेले. तीन वर्षांत त्यांची पोर अशी बोलाया लागली, की भिंत मधी असून उपयोग नाय.

"गया आजी, तुमचे दात कुठे गेले?"

"उंदरानं नेले, माय."

"मग आता उंदीर हसतो का?"

मला हसू यायचं, अन् हसता हसता आतून काहीतरी करपायचं. मला जिनं आजी म्हणायचं ती म्हणायची नाय, अन् जिचं-मपलं काय नातं नाय ती दिवसभर म्हणायची. तिची आई तिला हळू बोल म्हणून दटावायची. दटावायची! मला वाटायचं, एवढं उतू चाललंय तर निम्मं भिंतीवरून इकडं सांडलं असतं तर काय बिघडलं असतं?

दसऱ्याच्या मागून अंगणवाडीत तपासणी आली. एक तरणी डॉक्टरीण, गळ्यात ते यंत्र, पुढं फॉर्म. ईशूचा नंबर आमच्या आधी. तिनं डॉक्टरणीला पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, वरून इचारलं, तुम्ही इंजेक्शन आणलंय का? सगळ्या बाया हसल्या. जोशीबाईनं नुसता पदर सारखा केला. त्या पदर सारखा करण्यानंच मपलं डोकं फिरलं.

मंग आम्ही बसलो. गौरी मीराच्या मांडीवर, खालच्या फरशीकडं बघायली.

"किती शब्द बोलते?" डॉक्टरणीनं इचारलं.

मीरानं तोंड उघडलं. तिच्या आधी मी म्हणले, "बोलती की. घरात लई बोलती. चारचौघात लाजती."

"दोन शब्द जोडून? आई ये, पाणी दे, असं?"

"व्हय. सगळं."

"तुम्हाला आजी म्हणते?"

"सारखी."

तिनं हसून लिहून घेतलं. दारात जोशीबाई म्हणल्या, "अगं बाई, आम्हाला कधी ऐकू नाही आलं गौरीचं बोलणं!"

"तुमच्या ईशूतून दुसऱ्याचं ऐकू येईल तव्हा ना," मी म्हणले.

त्यांनी ईशूचं बोट धरलं अन् निघाल्या. तेवढं मला गोड लागलं.

घरी आलो. उंबऱ्यात चप्पल काढता काढता मीरा म्हणली, "आत्याबाई, आजी कव्हा म्हणली ती?"

"म्हणंल."

"कव्हा?"

संदीप शिफ्टवरून आला, त्याला तिनं सांगायचा प्रयत्न केला. आपण मोठ्या डॉक्टरला दाखवू म्हणली. त्यानं तो कागद वाचला. "लिहून दिलंय ना, बोलणं ठीक म्हून. काही लेकरं उशिरा बोलत्यात. आई, मी बी उशिराच बोललो आसंन?" मी चुलीकडं तोंड करून म्हणले, "व्हय. तू बी लई उशिरा." तो नवव्या महिन्यात बोलाया लागला व्हता. त्याच्या बापाला नावानं हाक मारायचा, सगळं गाव हसायचं. मीरानं मपल्याकडं बघितलं. सून सासूला खोटी कशी म्हणंल? कागद कपाटात गेला, अन् त्या कागदावर आमच्या घरानं एक साल काढलं.

आता मपलं खोटं मलाच खरं करायचं व्हतं. आमच्याकडं म्हणायचे, मुकं लेकरू असलं तर राघूनं चोचलेला पेरू चारावा. राघूची वाचा लेकराला लागती. मपल्या मावशीनं तिच्या लेकराला चारला व्हता, तो पुढं भांडून भांडून गाव सोडून गेला. म्हून मी पडेगावच्या रोडला गेले. लिंबाखाली दौलताबादचा एक म्हातारा बसायचा, पांढरी दाढी, सगळ्या बायांना अम्मा म्हणायचा.

"राघूचा उष्टा पेरू हाय का?"

"क्या होना?"

"तोता खाया हुआ."

त्यानं मपल्याकडं येड्यावाणी बघितलं. "अम्मा, लोगां अच्छा मंगते, तुम जूठा मंगरे! और तोते कां हैं इस साल? बाग सूख गई. तोतों कू बी टँकर होना अब." मंग आवाज हळू करून म्हणला, "पोती बोलती नै क्या?"

मी पदर डोक्यावर ओढला. "मपली बोलती," मी म्हणले. "शेजारणीची नाय बोलत."

त्यानं पाटीतला एक पेरू उचलला, दाढीला पुसला अन् मपल्या हातात दिला. "ये शेजारन की पोती कू देव. बोलो दौलताबाद के चाचा ने भेजा. अल्ला बात देगा."

तो पेरू पदरात बांधून मी येत व्हते, अन् निम्म्या वाटंवर मला सुचलं. राघू म्हंजी तरी काय, बोलणारं पाखरू. त्याच्या चोचीत जे हाय ते ईशूच्या तोंडात हायच की. मी घरी आले, भिंतीवरून हाक मारली. ईशू पळत आली. म्हणले, घे, चाव. तिनं चावा घेतला, बोलता बोलता दुसरा घेतला. "पुरे," मी म्हणले अन् हातातून ओढूनच घेतला. तिच्या दातांच्या खुणांपाशी पेरू पांढराशिप्प व्हता. तेवढाच मी चाकूनं खरवडला, दहीभातात कालवला अन् गौरीला चारला. पांढऱ्यात पांढरं, तिला कळलं नाय. एक घास गेला, दुसऱ्याला पेरूची बी दाताखाली आली, तो तिनं थुंकला.

पुढं आठ-दहा दिवस हेच. कधी ईशूचा पेढा, कधी तिनं अर्धा टाकलेला भात. जोशीबाईला वाटायचं, गयाबाईचा आमच्या ईशूवर लई जीव. तसं त्या मला म्हणल्या बी. चोरी करताना मालकानं चहा पाजावा तसं झालं.

अन् मंग ईशूचा आवाज बसला. ताप, घसा, तोंडातून शब्द निघंना. टँकर आला, गेला, भिंतीपल्याड सामसूम. सगळ्या लाइनीचा त्या साली घसा धरला व्हता, धुराळाच तसला. पण मला वाटलं, आलं. तिकडलं इकडं आलं. मी गौरीला पुढं घेऊन बसले. म्हण आजी. आ-जी. ती मपल्या खांद्यावरून पंख्याकडं बघायली.

त्या दिवसात मला बरं वाटत व्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाय. पोर तिकडं तापानं फणफणली अन् ह्या भिंतीला टेकून मला वाटायचं, बसा आता तुम्ही बी. बघा, घरात आवाज नसला म्हंजी कसं असतं.

जोशीबाई दारात आल्या. केस न विंचरलेले. "गयाबाई, थोडा ज्येष्ठमध आहे का तुमच्याकडे? दुकानात नाही."

डबीत व्हता. गौरीची जीभ मोकळी व्हावी म्हून मीच आणून ठेवलेला.

"नाय वो," मी म्हणले.

चार दिवसांनी मी ओट्यावर ज्वारी निवडायली व्हते. भिंतीवरून घोगरी हाक आली, "गया आजी, मी बरी झाले! तुम्ही मला बघायला का नाही आलात?" मी मान वर केली नाय. सुपात खडा दिसंना, पण मी निवडतच ऱ्हायले.

उन्हाळा गेला. लातूरची रेल्वे सगळ्यांनी टीव्हीत बघितली. मंग पाऊस आला, अन् परत रोडला सीताफळं आली. ईशू बालवाडीत जायला लागली व्हती, कंबरेला पाण्याची बाटली लटकवून. गौरीला बालवाडीच्या बाईंनी दोन दिवसांत माघारी धाडलं. त्या दिवशी मीरा भांडी घासताना थांबली. साबणाच्या हातानं उभी ऱ्हायली अन् म्हणली, "मी शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईची येळ घेतलीय. ह्यांना बी रजा टाकायला लावलीय. ह्या टायमाला तुम्ही बी चला. अन् खरं सांगा. मी तुमचं खोटं ह्यांना सांगितलं नाय, पण तिथं मी तुमच्या तोंडाकडं बघणार हाय."

दवाखान्यात खेळणी लई. गौरीनं गाड्या घेतल्या अन् एकामागं एक लावल्या. डॉक्टरीणबाई खाली चटईवर तिच्यापाशी बसल्या. कानाची तपासणी आधी झाली व्हती, कान ठीक. मंग त्या एकेक इचारायला लागल्या. नाव घेतलं की बघते का? बोटानं दाखवते का? बोलते काय काय? मीरा मपल्या तोंडाकडं बघायली.

"नाय बोलत," मी म्हणले. "एक बी शब्द नाय. कव्हाच नाय बोलली. मागल्या साली अंगणवाडीत मी खोटं सांगितलं."

संदीपनं मान वळवली. डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहिलं, मपल्यावर रागावल्या नायत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काही हवं असेल तर मोठ्यांचा हात धरून नेते का?"

ह्याच्यावर मपला जीव हरखला. "व्हय! पण मपलाच हात. दुसऱ्या कुणाचा नाय."

त्यांनी एका चौकोनात खूण केली.

"चांगलं हाय ना ते?" मीरानं इचारलं.

"ही मुलं असं करतात," त्या म्हणल्या. "बोटानं दाखवणं, मागणं जमत नाही, म्हणून हात नेऊन ठेवतात."

ही मुलं. म्हंजी अशी लई लेकरं हायत. लई आज्यांची मनगटं धरत्यात. मपलं एवढंच एक धन व्हतं, त्याच्यासाठी आधीच छापलेला चौकोन तयार व्हता. मला त्या कागदाचा बी हेवा वाटला. मला एवढ्या वर्षात जे कळलं नाय ते त्याला पोरगी न बघता ठाऊक.

शेवटी त्यांनी नाव सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात, म्हणल्या. संदीपनं सगळं एका दमात इचारलं. मोबाईलमुळं का? टँकरच्या पाण्यामुळं का? मीराला दिवस असताना ती ड्रम उचलायची, त्यानं का? मीरा म्हणली, "माझं काय चुकलं?"

"कुणाचं काही चुकलं नाही. हा जन्मतःच मेंदूच्या घडणीतला फरक आहे. औषध नाही, पण शिकवता येतं. बोलेल का, किती बोलेल, आज नाही सांगता येणार. लवकर सुरू केलं की शिकणं सोपं जातं, इतकंच."

लवकर. हा शब्द त्या सगळ्यांना बघून म्हणल्या, पण तो आला सरळ मपल्याकडं.

येताना रिक्षा केली. छावणीच्या अलीकडं संदीप म्हणला, "आई, मी कव्हा बोललो व्हतो?"

"नवव्या महिन्यात."

तो बाहेर बघत ऱ्हायला. मीरानं गौरीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं, अन् तिचे पाय मपल्या मांडीवर टाकले.

त्याला आता लई सीताफळं झाली. रोड रुंद झाला, लिंबं निम्मी गेली, दौलताबादचा म्हातारा दिसायचा बंद झाला. ज्वारीच्या रानात चार-चार मजले उभे. शहराचं नाव बदललं, नळाला पाणी तेवढ्याच दिवसांनी येतं. गौरी शाळेत जाती, तिच्यासारख्या लेकरांच्या. तिथल्या ताईनं तिला चित्रं द्यायला शिकवलं. पाणी पायजे तर पाण्याचं चित्र काढून हातात द्यायचं. पहिलं चित्र तिनं त्या ताईला दिलं. घरी येऊन मीरा हसत-रडत सांगायली, अन् मला त्या ताईचा हेवा. आता काही शब्द बी हायत. पाणी. नको. बस आली. आजी नाय.

मागल्या आठवड्यात जोशीबाई भिंतीपाशी आल्या. म्हाताऱ्या झाल्यात मपल्यासारख्याच. ईशू आता कानात ते गाण्याचे बोळे घालून फिरती, आली की खोलीचं दार लावून घेती. "दिवसभरात एक शब्द नाही हो बोलत माझ्याशी," त्या म्हणल्या. "बाहेर मात्र भरपूर बोलते म्हणे."

मला कळलं, असं बोलताना कसं वाटतं. मंग मी सांगून टाकलं. पेरू, पेढा, उष्टा भात. ज्येष्ठमधाची डबी बी.

त्यांनी भिंतीवर कोपर टेकलं. मंग म्हणल्या, "म्हणजे तरीच! सगळं बोलणं तुम्ही खरवडून नेलंत होय आमचं!" अन् हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "ज्येष्ठमध मात्र द्यायला हवा होतात, गयाबाई."

"व्हय," मी म्हणले. "द्यायला पायजे व्हता."

काल मी त्या लिंबाखालून सीताफळं आणलीच. ओट्यावर बसले. गौरी शाळेतून आली, सीताफळांपाशी उभी ऱ्हायली. मपल्याएवढी उंच झालीय आता. सीताफळ फोडायला तिला ताईनं शिकवलंय. शाळंत स्वतः फोडती, घरी मीरापुढं बी फोडती, मी मपल्या डोळ्यांनी बघितलंय. तिनं डोळे उघडलेलं एक निवडलं. मंग मपलं मनगट धरलं, अन् मपला हात त्या सीताफळावर नेऊन ठेवला.

हे त्या कागदावरच्या चौकोनातलं, का मपल्यासाठी, मी कुणाला इचारलं नाय, इचारणार बी नाय.

भिंतीपल्याड जोशीबाई तुळशीला पाणी घालायला आल्या व्हत्या. तांब्या हातात तसाच धरून बघायल्या. मी मान वर केली नाय. सीताफळ मातुर सावकाश फोडलं.